वाडग्याचे बूड

सूत कातणे आणि लाकूड कातणे या दोन सर्वस्वी भिन्न कामांना मराठीने एकच क्रियापद का दिले असावे, हे कोडे मला लहानपणी सावंतवाडीच्या चितार आळीत पडले होते. त्याचे उत्तर मिळण्यासाठी मला सत्तरी ओलांडावी लागली आणि अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील सेंट पॉल शहराच्या एका उपनगरात, मोटार ठेवण्याच्या खोलीत, एका डगमगत्या स्टुलावर बसून राहावे लागले. संस्कृत वैयाकरणांनी ‘कृत्’ असे दोन धातू मानले आहेत, एक छेदनाचा व दुसरा वेष्टनाचा, आणि ‘कर्तन’ या शब्दात कापणे व सूत काढणे हे दोन्ही अर्थ सुखाने नांदतात, ही विद्वानांनी दिलेली तोड मला ठाऊक होती. पण माझे थोरले चुलतबंधू अण्णा यांनी लेथचे बटण दाबून, गरगरणाऱ्या ओल्या ओंडक्याला नालीदार पटाशीची धार टेकवली, आणि त्या धारेवरून पांढऱ्या लाकडाची बोटभर रुंद, हातभर लांब अशी ओलसर पट्टी सळसळत निघून माझ्या खांद्यावर येऊन पडली, तेव्हा धातुपाठातले ते दोन धातू माझ्या डोळ्यांदेखत एक झाले. लाकडातून सूत निघत होते.

अण्णा पेशाने स्थापत्य अभियंते. चाळीस वर्षे त्यांनी पुलांची गणिते केली आणि निवृत्त झाल्यावर, इतर लोक गोल्फ खेळतात किंवा भगवद्गीतेचे वर्ग काढतात त्या वयात, एक जुना लेथ विकत घेतला. मी त्यांच्याकडे गेलो तो एप्रिल महिना होता; त्यांनी गेल्या हिवाळ्यात कातलेला एक वाडगा एका कलासंस्थेच्या वार्षिक प्रदर्शनासाठी पंचांपुढे रुजू व्हायचा होता, अर्जाची मुदत चार दिवसांवर आली होती, आणि घरात मुलीच्या लग्नाच्या आधी असते तशी काहीशी धुसफूस चालू होती. संस्थेचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. तिचा जो शिरस्ता आहे तोच त्या देशातील अशा शेकडो संस्थांचा आहे.

वाडगा होता ॲशच्या लाकडाचा, आणि ते झाड अण्णांच्या दारातलेच होते. ॲश हे नाव ऐकताच, राखेचा वाडगा कसा काय बुवा, असा विनोद मी पहिल्याच दिवशी केला व तो त्यांनी तीस वर्षांपूर्वीच ऐकलेला असल्यामुळे तो वाया गेला. वनस्पतिशास्त्राच्या दप्तरात हे झाड आपल्या मोगऱ्याच्या आणि पारिजातकाच्या कुळात नोंदलेले आहे, ही माहिती मात्र त्यांना नवी होती आणि ती त्यांना मनापासून आवडली. त्या झाडाची कहाणी दुःखद आहे. या शहरांच्या रस्त्यांवर पूर्वी एल्म वृक्षांच्या कमानी होत्या. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एका बुरशीजन्य रोगाने ते एल्म हजारोंनी मेले, आणि त्यांच्या जागी नगरपालिकांनी जी झाडे हौसेने लावली त्यांत ॲशचा भरणा मोठा होता. पुढे २००२ साली मिशिगनमध्ये एक हिरवाकंच, चमकदार, पूर्व आशियातून बहुधा मालाच्या खोक्यांबरोबर आलेला भुंगा सापडला, ज्याची अळी ॲशच्या सालीखाली नागमोडी बोगदे कोरून झाडाचा रस तोडते. २००९ साली तो सेंट पॉलमध्ये आढळला. तेव्हापासून या भागातील ॲश एकामागून एक मरत आहेत आणि पालिकेची माणसे रस्तोरस्ती बुंध्यांवर रंगाचे पट्टे ओढून त्यांना मृत्युदंडाची नोटीस बजावीत आहेत. अण्णांच्या दारातल्या झाडाला असा पट्टा लागला तेव्हा त्यांनी कामगारांशी बोलून बुंध्याचे तीन ओंडके ठेवून घेतले; बाकीच्याचा तिथल्या तिथे भुसा झाला.

ओल्या ओंडक्याचा वाडगा एका बैठकीत होत नाही. झाडाच्या मधोमध जो गाभ्याचा ठिपका असतो तिथून तडा जातो, म्हणून ओंडका उभा चिरून तो ठिपका आधी काढून टाकावा लागतो. मग अर्ध्या ओंडक्यातून वाडग्याचा ओबडधोबड आकार जाड भिंतीचाच कातून घ्यायचा, व्यास दहा इंच असेल तर भिंत एक इंचाची, हा ढोबळ हिशेब. आणि तो आकार कागदी पिशवीत घालून महिनोन्‌महिने कुठेतरी गार जागी विसरून जायचा. लाकूड वाळताना सर्व बाजूंनी सारखे आकसत नाही. वर्षवलयांच्या रेषेने ते जितके आकसते त्याच्या सुमारे निम्मेच त्या रेषेला आडवे आकसते, आणि त्यामुळे गोल कातलेला वाडगा वाळल्यावर लंबगोल होतो. विसरून जाणे अर्थातच अण्णांच्या स्वभावात नव्हते. ते दर रविवारी पिशवी स्वयंपाकघरात आणून वहिनींच्या पिठाच्या काट्यावर वाडगा तोलीत आणि वजन पिशवीवरच लिहीत. ती पिशवी मी पाहिली. एका लग्नाच्या पत्रिकेवर असावेत इतक्या निगुतीने त्यावर चोवीस आकडे एकाखाली एक लिहिले होते, आणि शेवटचे तीन आकडे सारखे होते. म्हणजे लाकडातले पाणी हवेशी तडजोड करून स्थिर झाले होते. मग तो वाडगा पुन्हा लेथवर चढवून, लंबगोलाचे वर्तुळ करून, भिंत पाव इंचाहून पातळ करण्यात आली.

हे सर्व ऐकताना माझ्यापुढे उभा राहत होता तो आमच्या गावातला जमिनीवर मांडी घालून बसलेला कातारी. त्याच्या लेथला वीज नव्हती. डाव्या हातातली कमान पुढे-मागे ओढली की तिच्या दोरीचा वेढा बसलेला लाकडाचा तुकडा एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे फिरे; पटाशी उजव्या हातात असे आणि तिचे टोक हलू नये म्हणून ती पायाच्या अंगठ्याने दाबून धरलेली असे. आमच्या लेखी ही पायाची करामतच मुख्य होती. आम्ही मुले घरी येऊन पायाच्या अंगठ्याने पेन्सिल धरण्याचे प्रयोग करीत असू. आकार झाला की तो लाखेची रंगीत कांडी फिरत्या लाकडावर दाबी. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर पसरे. आणि मग केवड्याच्या पातीने तो ती अशी घोटीत असे की तिच्यात दारातला उजेड दिसू लागे. पोळपाट, लाटणी, पाळण्यावरची खेळणी, कुंकवाचे करंडे, भोवरे, हे सारे तिथे होई, आणि त्यातले काहीही कोणी कधी पंचांपुढे ठेवले नव्हते. गिऱ्हाईक हाच पंच. तो वस्तू हातात घेई, फिरवी, नखाने टिचकी मारी आणि मग किमतीवरून भांडे.

आता अर्जाविषयी. सरकारी खात्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाला अर्ज या वस्तूचे भय वाटू नये. पण तो अर्ज पाहून मी नमलो. कृतीचे शीर्षक, साल, माध्यम, लांबी-रुंदी-उंची, विक्रीची किंमत, विमा करायचा झाल्यास मूल्य. कोणत्याही परिस्थितीत परत न मिळणारी पस्तीस डॉलर्स फी. छायाचित्रे तीन, लांब बाजू १९२० बिंदूंची, पार्श्वभूमी करडी आणि निःसंग. छायाचित्रात नाव, सही वा ओळख पटेल अशी कोणतीही खूण नको. ही शेवटची अट न्यायाची होती, कारण पंचांनी कृती पाहावी, कर्ता पाहू नये, हे तत्त्व त्यामागे आहे. अण्णांनी मात्र वाडग्याच्या बुडाला तापल्या तारेने आपली सही आणि साल डागले होते. त्यामुळे वाडग्याचे बूड कोणत्याच छायाचित्रात दाखवता येत नव्हते. ही गोष्ट त्या वेळी कोणाला महत्त्वाची वाटली नाही, आणि मलाही ती पुढे जुलै महिन्यात आठवली.

छायाचित्रे काढण्यात दोन दिवस गेले. वहिनींची करड्या रंगाची एक रेशमी साडी त्या कामी आली. दिव्याचा उजेड मऊ पडावा म्हणून त्यापुढे आंघोळीच्या मोरीचा पडदा धरण्याचे काम माझ्याकडे होते. वाडगा प्रत्यक्षात हातात घेतला तर थंड वाटत नाही, धातूसारखा परका वाटत नाही, काठाशी अंगठा आपोआप जाऊन थांबतो. हे छायाचित्रात कसे उतरावे? त्यात उतरली ती बाह्यरेषा आणि वर्षवलयांची नक्षी. एका बाजूने पाहिले तर ती नक्षी काठापासून खाली ओळीने लागलेल्या डोंगरांसारखी दिसत होती. ती खरोखरच सुंदर होती.

शीर्षकावरून वाद झाला. अण्णांनी लिहिले, ‘ॲश, क्रमांक ७’. मी म्हटले, “अण्णा, हे वाचून कोणाला तरी अस्थिकलशाची आठवण येईल.” ते म्हणाले, “अरे, सातवाच आहे तो. सहा तडकले. मी खोटे काय लिहिले?” सहा तडकल्याची गोष्टच शंभर शब्दांच्या ‘कलाकाराच्या निवेदना’त लिहावी असे मी सुचवले, कारण त्या निवेदनात काय लिहायचे हा दुसरा पेच होता. मागील वर्षांच्या निवडक कृतींची निवेदने आम्ही वाचली. त्यांत अवकाश, शून्यता, स्मृती आणि नात्यांचे ताणेबाणे यांची इतकी दाटी होती की वाडगा ठेवायला जागा उरली नव्हती. अण्णांनी तीनदा बसून जे लिहिले त्यात झाड कुठले, केव्हा पडले, किती महिने वाळले आणि भिंत किती जाड, एवढेच होते. पुलाचा अहवाल असावा तसे ते वाक्य होते. वहिनी वाचून म्हणाल्या, “भावोजी, तुम्ही तरी त्यात थोडे मीठ घाला.” मी एक विशेषण घातले. ते त्यांनी खोडले.

सर्वांत कठीण रकाना वर्गवारीचा होता. चित्रे, मुद्राचित्रे, छायाचित्रे, मृत्तिका व काच, वस्त्र, शिल्प. लाकूड नाही. मातीचा वाडगा असता तर त्याला स्वतःचे घर होते. लाकडाच्या वाडग्याला ‘शिल्प’ या दाराने शिरणे भाग होते. अण्णांनी शिल्पापुढे खूण केली आणि जणू दुसऱ्याच्या जातीचा दाखला जोडल्यासारखे ओशाळे हसले.

हा रकान्यांचा घोळ जुना आहे आणि तो कधी कधी न्यायालयापर्यंत गेला आहे. १९२६ च्या शरदात ब्रांकुसी या शिल्पकाराचे ‘अवकाशातील पक्षी’ हे ब्राँझचे, घासून आरशासारखे केलेले शिल्प जहाजाने न्यूयॉर्कला आले, आणि जकात खात्याच्या अंमलदारांनी ते पाहिले. कायद्याप्रमाणे कलाकृतीला जकात माफ होती. अंमलदारांना त्यात पक्षी दिसेना. पंख नाहीत, चोच नाही, पाय नाहीत. तेव्हा त्यांनी ती वस्तू घरगुती, स्वयंपाकाच्या व रुग्णालयाच्या उपयोगाच्या सामानात घातली आणि चाळीस टक्के जकात आकारली. प्रकरण जकात न्यायालयात चालले; कुशल पॉलिशवाला कारागीर असे काही घासून करू शकेल की नाही, आणि केले तर ती कला होईल की नाही, अशा प्रश्नांवर साक्षी झाल्या; आणि नोव्हेंबर १९२८ मध्ये निकाल ब्रांकुसीच्या बाजूने लागला. पक्षी स्वयंपाकघरातून सुटला. पण वाडग्याची अडचण नेमकी उलटी आहे. तो खरोखरच स्वयंपाकघरातला आहे. त्याने तसे नाकारले तर तो खोटे बोलेल आणि कबूल केले तर दाराबाहेर उभा राहील.

आपल्याकडेही हा भेद इंग्रजी अमलात रुजला, आणि तो रुजवणाऱ्यांत आपल्या कारागिरीचे निस्सीम चाहते होते ही त्यातली विलक्षण गोष्ट. बेळगावात जन्मलेल्या सर जॉर्ज बर्डवुड यांनी १८८० साली भारतीय कारागिरीवर मोठा ग्रंथ लिहून तिची मुक्तकंठाने स्तुती केली. आणि त्याच गृहस्थांनी १९१० साली लंडनच्या सभेत, ध्यानस्थ बुद्धमूर्तीला उकडलेल्या पुडिंगची उपमा देऊन, या देशात ललितकला अशी नाहीच असे प्रतिपादन केले. मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत १८९१ साली गव्हर्नर रे साहेबांच्या नावाने कारागिरांच्या कार्यशाळा निघाल्या. चित्रकलेचे वर्ग आणि त्या कार्यशाळा यांचे आवार एक आणि प्रतिष्ठा दोन. १८८८ साली स्थापन झालेली बॉम्बे आर्ट सोसायटी प्रदर्शने भरवीत आली आहे, तेव्हा पंच, निवड, नापसंती या गोष्टी आपल्याला नव्या नाहीत. पण चितार आळीतला माझा कातारी तिथे अर्ज घेऊन गेला असता तर पहिला प्रश्न कारकुनानेच विचारला असता.

अमेरिकेत लाकडाच्या वाडग्याला प्रतिष्ठा मिळाली ती अलीकडची, आणि ती मिळवून देणारी माणसे बरीचशी परधर्मातून आलेली होती. शिकागोचे जेम्स प्रेस्टिनी अभियांत्रिकीच्या शाखेचे. १९३३ ते १९५३ या वीस वर्षांत त्यांनी इतके पातळ वाडगे कातले की न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने ते घेतले, आणि १९५० साली त्यांच्यावर पुस्तक निघाले. बॉब स्टॉक्सडेल यांनी युद्धाला सदसद्विवेकाने विरोध केला म्हणून दुसऱ्या महायुद्धात त्यांची रवानगी सक्तीच्या कामाच्या शिबिरात झाली, आणि तिथे ते वाडगे कातू लागले. एखाद्या सरकारी शिक्षेतून इतके सुंदर वाडगे निघाल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. एड मोल्थ्रॉप वास्तुविशारद. पुढे डेव्हिड एल्सवर्थ यांनी वाकड्या हत्यारांनी, बोट जाईल न जाईल एवढ्या तोंडातून आतले लाकूड न पाहता पोखरून, पोकळ कुंभ केले. ज्यात काहीही ठेवता येत नाही असे पात्र निर्माण झाल्यावर मात्र कलासमीक्षकांचा जीव भांड्यात पडला. १९८६ साली अमेरिकन कातकामगारांची संघटना स्थापन झाली, एल्सवर्थ तिचे पहिले अध्यक्ष, आणि आज तिच्या शाखा साडेतीनशेवर आहेत.

या संघटनेचे मुख्यालय आणि लाकडी कलेचे दालन सेंट पॉलमध्येच आहे. अण्णा मला तिथे घेऊन गेले. लँडमार्क सेंटर नावाची ती गुलाबी दगडाची, बुरुजांची इमारत १९०२ साली पूर्ण झाली तेव्हा ती संघराज्याची कचेरी, टपालघर आणि न्यायालय होती. १९३० च्या दशकात अमेरिकेतील नामांकित दरोडेखोरांचे खटले तिथे चालले. वरच्या मजल्यावरच्या न्यायदालनांच्या लाकडी कठड्यांत सुबक कातीव खांब बसवलेले आहेत. आरोपी जिथे उभे राहिले असतील तिथेच अण्णा गुडघ्यावर वाकून त्या खांबांचे खालचे कंगोरे पाहत राहिले, आणि पहारेकरी आमच्याकडे पाहत राहिला. खालच्या दालनात काचेच्या कपाटांतून कागदासारखे पातळ, जाळीसारखे कोरलेले, काळ्या शाईने माखलेले, सोन्याचा वर्ख दिलेले कुंभ होते. सर्वत्र, अर्थातच, हात लावू नये अशी विनंती होती. अण्णा तिथे दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून हिंडत होते. तसे ते देवळातसुद्धा हिंडत नाहीत.

पंचांचे काम कसे चालते याची चौकशी मी अण्णांच्या परिचयातील एका वृद्ध कुंभकार बाईंकडे केली, कारण त्यांनी निरनिराळ्या प्रदर्शनांसाठी हे काम अनेक वर्षे केले होते. पूर्वी अर्जदार पाच पारदर्शिका टपालाने पाठवीत. त्या गोल तबकात भरून अंधाऱ्या खोलीत पडद्यावर टाकल्या जात, आणि यंत्राचा ‘खटक्‌’ असा आवाज हीच घटका. कोडॅकने ती यंत्रे बनवणे २००४ साली बंद केले. आता पंच आपापल्या घरी संगणकापुढे बसतात. पहिल्या फेरीत एका अर्जाला वाट्याला येतात ती पंधरा-वीस सेकंदे, कारण अर्ज शेकड्यांनी असतात. गुण एक ते सात. बाईंचे म्हणणे असे की त्या वेळात वाईट छायाचित्र ओळखता येते, उत्तम कृती बहुधा ओळखता येते, आणि मधल्या साऱ्यांचे नशीब आदल्या अर्जावर अवलंबून असते. झगझगीत रंगाच्या काचेनंतर आलेला पांढरा वाडगा गेलाच म्हणून समजावा. मी थोडे चिडून म्हटले की हा न्याय झाला नाही. त्यावर त्यांनी शांतपणे सांगितले की त्यांच्या तरुणपणी निवड ओळखीने होत असे, आणि ज्या वर्षी नावे झाकली गेली त्या वर्षी त्यांची पहिली सुरई निवडली गेली. यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि अजूनही नाही. ओळखीच्यालाही सेकंदे पंधराच मिळतात.

मेच्या अखेरीस निकाल आला. पत्र अत्यंत सभ्य होते. अर्ज फार आले, दर्जा उच्च होता, निवड कठीण गेली, नामंजुरी हा आपल्या कलेवरचा शेरा समजू नये. सभ्य नामंजुरीची भाषा जगभर सारखीच असते. मी स्वतः कचेरीत अशी शेकडो पत्रे सहीसाठी पुढे केली आहेत आणि त्यांतील एकही वाचून कोणाचे समाधान झाल्याचे ऐकले नाही. अण्णांनी ते एकदा वाचले, घडी घातली आणि संध्याकाळी ओला ओंडका लेथवर चढवला. सुरुवातीला सांगितलेली ती लांब पट्टी माझ्या खांद्यावर पडली ती त्या संध्याकाळी. पण हात नेहमीसारखा नसावा. तासाभराने पटाशी अडकली, ओंडका सुटून भिंतीवर आदळला, आणि वहिनी आतून धावत आल्या. कोणाला लागले नाही. “आता चहा घ्या,” एवढेच त्या म्हणाल्या, आणि बटण त्यांनीच बंद केले.

जुलैत जिल्ह्याची जत्रा भरली. गाई, डुकरे, भोपळे, मुरंबे, गोधड्या, पाळणे आणि तळलेल्या पदार्थांचा एक दरवळ. आपल्या यात्रेतला देव काढून घेतला तर जे उरेल ते. तिथे हस्तकलेच्या मंडपात ‘कातीव वाडगा’ असा स्वतंत्र रकाना होता. फी एक डॉलर. अर्ज पोस्टकार्डाएवढा, निवेदन नाही, शीर्षक नाही. वहिनींनीच अण्णांना न विचारता नाव दिले होते. परीक्षणाच्या वेळी स्पर्धकांना दोरीबाहेर उभे राहून ऐकण्याची मुभा होती, म्हणून आम्ही तिघेही गेलो.

परीक्षक एक साठीतला जाड बोटांचा मनुष्य होता, बहुधा शाळेत सुतारकाम शिकवणारा. टेबलावर अकरा वाडगे होते. त्याने पहिला उचलला, तो वरून पाहिलाच नाही. सरळ उपडा केला. मग दुसरा, तिसरा. अण्णांचा वाडगा त्याने डाव्या तळहातावर पेलला, किंचित वर-खाली केला, जसा आपण नारळ घेताना करतो. डोळे मिटून आतल्या बाजूने अंगठा काठापासून तळापर्यंत ओढत नेला आणि एका जागी थांबला. पुन्हा तिथूनच नेला. मग उपडा करून बुडाची कड नखाने चाचपली, सही वाचण्याचा प्रयत्न केला, तो साधला नाही. बाजूला बसलेल्या मुलीला तो सांगत होता आणि ती लिहीत होती: काठ उत्तम, आकार उत्तम, घोटणी उत्तम; आत तळाजवळ एक उंचवटा राहिला आहे, डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागतो; भिंतीच्या मानाने बूड जड. एवढे होऊन त्याला तीन मिनिटे लागली असतील. निळी फीत एका तरुण शेतकऱ्याच्या अक्रोडाच्या वाडग्याला मिळाली, तांबडी, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाची, अण्णांच्या.

परत येताना गाडीत बराच वेळ कोणी बोलले नाही. अण्णा परदेशात पन्नास वर्षे राहिले असले तरी मनातून हलले की ते मालवणीवर येतात. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा समोर पाहतच ते म्हणाले, “तेचा बूड जड आसा. माका आधीच म्हायत होता.”

मी विचारले, मग तेव्हाच का नाही कमी केले? तर ते म्हणाले की लेथच्या पकडीसाठी खाली जो खुंट ठेवतात तो शेवटी उलटा धरून उतरवावा लागतो. त्या वेळी भिंत इतकी पातळ झाली होती की हात धजावला नाही. शिवाय मुदत जवळ आली होती, आणि छायाचित्रात बूड दिसणार नव्हते. हे शेवटचे कारण सांगताना त्यांनी आवाज उतरवला. म्हणजे कलासंस्थेच्या पंचांनी वाडगा नाकारला हे खरे, पण त्याचा जो खरा दोष होता तो त्यांना कळला नव्हता. कळण्याची सोयच नव्हती. छायाचित्राने वाडग्याचे गुण झाकले म्हणून मी दोन महिने मनात कुढत होतो. त्याने दोषही तितक्याच इमानाने झाकला होता.

त्याच आठवड्यात अण्णांनी लाकडाच्या एका ठोकळ्यावर जुन्या गालिच्याचा तुकडा चिकटवून वाडगा त्यावर उपडा बसवला, मागून टेकू लावला, आणि लेथची गती निम्म्याहून कमी ठेवून बूड उतरवायला घेतले. दिवा धरण्याचे काम माझ्याकडे. पहिल्या फेऱ्यातच सहीचे अर्धे अक्षर गेले, मग साल गेले. भुसा आता सुतासारखा नव्हता, कोरडा व पिठासारखा बारीक येत होता. मधूनमधून ते यंत्र थांबवून वाडगा काढीत, तळहातावर पेलीत, आणि मलाही पेलायला देत. दोन वेळा मला फरक कळला नाही. तिसऱ्यांदा कळला. त्यांनी तांबडी फीत लेथच्या दिव्याला बांधून ठेवली होती. ती हवेने हलत होती. सही त्यांनी पुन्हा डागली नाही.

दिवाळीपूर्वी मी घरी परतलो. सावंतवाडीत मोती तलावाच्या काठाने चितार आळीकडे गेलो. कमानीचे लेथ आता दिसत नाहीत, मोटारीचे आहेत, आणि लाखेच्या ऐवजी पुष्कळ ठिकाणी डब्यातला रंग आहे. पण एका दुकानात फळीवर लाखेचे करंडे ओळीने मांडले होते, तांबडे, पिवळे, हिरवे. मी एक उचलला, तळहातावर तोलला, झाकण काढून आतून अंगठा फिरवला आणि करंडा उपडा करून बुडाची कड पाहू लागलो. बराच वेळ पाहत असलो पाहिजे. दुकानातली मुलगी पुढे झुकून म्हणाली, “आजोबा, किंमत वर लिवलेली आसा, खाली नाय.”